दुधाची साक्ष

अस्तराबाद, रबिलाखरची चौथी

माझ्या फरामर्जा,

तू आता खान आहेस, प्रांताचा हाकिम आहेस, तुला चार ओळी लिहायच्या तर आधी पदव्यांची माळ ओवावी लागते म्हणे. दिवाणातला कारकून मला शिकवायला लागला, "गौहर दाई, खानसाहेबांना 'माझ्या फरामर्जा' असं लिहू नका, बरं दिसत नाही." मी म्हटलं, "अरे, याची आई याला जन्म देऊन तशीच गेली, तेव्हा याचं तोंड माझ्या छातीला लागलं. त्या वेळी कुठली पदवी होती याला? अंगावरचं दुपटंसुद्धा माझ्या पोराचं, हातमचं होतं." लेखणी आवरून निघून गेला मेला.

इस्फहानला, शहाच्या दरबारी, नीट पोचलास ना? घाटात अजून बर्फ होतं म्हणतात. पोटाला जप. नवरोजच्या दिवशी तू पोट धरून अंथरुणात कण्हत होतास, म्हणून वेशीबाहेर काय झालं ते तुला दिसलं नाही. दरबारात सांगताना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

नवरोजची खिलत घ्यायला हाकिम खिलतबागेत जातो ते मी तुझ्या वडिलांच्या वेळेपासून बघत आलेय. शहराबाहेर एकट्याने जायचं, कमरेचं हत्यार काढून ठेवायचं, शहाने पाठवलेला तो मानाचा झगा अंगावर चढवायचा, इस्फहानकडे तोंड करून वाकायचं आणि वाजतगाजत परत यायचं. या वर्षी तुझ्या जागी माझा हातम गेला. परवापरवापर्यंत तुझे घोडे सांभाळणारा हातम! त्याला तू भर दिवाणात नायब केलंस, नदीकाठच्या किल्ल्याचा किल्लेदार केलंस. वर म्हणालास, "मागच्या पानगळीपासून किल्लेदार हाच आहे, जाहीर करायचं तेवढं राहून गेलं होतं." मी पडद्याआड बसून रडले रे. म्हटलं, पोराने आपल्या दूधभावाला मागच्या दिवसांचासुद्धा मान दिला. अख्ख्या आळीत हलवा वाटला मी.

मी वेशीत एस्फंदच्या बियांची धुरी घेऊन उभी होते, दृष्ट काढायला. लांबून दिसला. झग्याची जरतार उन्हात नुसती झगमगत होती. पोटाशी काहीतरी चमकलं तशी मी शेजारणीला कोपर मारलं, "बघ गं, सोन्याचा कमरपट्टापण दिलाय." मग त्याच्याभोवतीचे शहाचे स्वार वळले, ते शहराकडे नाही, डोंगराकडे. कमरपट्टा नव्हता तो. हाताला साखळी होती. घोडा तेवढा एकटा घरी आला.

काहीतरी मोठा घोळ झालाय, बाबा. कुणी चहाडी केली असेल. तू निघताना म्हणालास, "आई, मी त्याला बरोबर घेऊनच येतो." त्या शब्दावर मी जेवते-झोपते आहे. डाळिंबाच्या सालीचा काढा घे. बर्फाचं सरबत पिऊ नकोस, तिथे ते कोपऱ्याकोपऱ्यावर विकतात.

तुझी आई,
गौहर

अस्तराबाद, जमादिलावलची अकरावी

फरामर्जा,

तू पाठवलेला किनखाब पोचला. फार सुंदर आहे. एवढा भारी कपडा घालून मी कुठे मिरवणार, ते मात्र लिहायला विसरलास. आणखीही एक गोष्ट विसरलास. तुझं पत्र मी पुढून वाचलं, मागून वाचलं, उन्हात धरून पाहिलं. हातमचं नाव कुठे सापडलं नाही.

म्हणून मी मिर्झा मुकीमांकडे गेले. म्हटलं, शहाने नेमलेला वजीर आहे, प्रांतातलं पानही यांना विचारून हलतं, यांना ठाऊक असेल. त्यांनी मला बसायला गादी दिली, रेशमाचे किडे यंदा कसे आहेत ते विचारलं, भाचीचं बाळंतपण विचारलं. मी म्हटलं, "मिर्झासाहेब, माझा मुलगा का धरलाय?"

"गौहर दाई, पानगळीत तुर्कमान लुटारू नदी उतरून आले. दोन गावं लुटली, बायकापोरं ओढून नेली. किल्ल्यात एक स्वार नव्हता. शहाने विचारलं, किल्लेदार कोण? काय सांगायचं आम्ही?"

"खरं ते सांगायचं. तेव्हा किल्लेदार कुणीच नव्हता."

"असं कसं? खानसाहेबांनी स्वतः दिवाणात सांगितलं की पानगळीपासून हातम होता. तुम्हीच तर हलवा वाटलात. मी खाल्ला की. छान झाला होता."

बघ, माणूस कसा बोलतो. मी म्हटलं, "पानगळीत माझा हातम रानात होता. फरामर्ज खानाबरोबर रानडुकरांच्या शिकारीला. आणि किल्ल्यातले स्वारही तिथेच होते, हाकारे म्हणून डुकरं उठवायला." मिर्झांनी पेल्यातला घोट घेतला आणि म्हणाले, "हे तुम्ही बोलू नये, दाई. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध होतं ते."

मीठ? अरे, मी कुणाचं मीठ खाल्लं आणि कुणी माझं काय खाल्लं, हे याने मला सांगावं?

आता मी तुझ्यावर संशय घेत नाही, हां. उगाच तोंड पाडून बसू नकोस. तुझ्या तोंडून एक शब्द निसटला आणि त्याचा फास झाला, असं समजते मी. पण मग तो शब्द परत घे. दरबारात एवढंच सांग, की हातमला मी नवरोजला किल्लेदार केलं, आधी नाही. तुझं काय जाईल? हाकिमाची चूक शहा माफ करतो, तुझ्या वडिलांना दोनदा केली होती. घोडे सांभाळणाऱ्याची कोण करतं?

लवकर उत्तर दे.

गौहर

अस्तराबाद, जमादिलाखरची वीस

फरामर्ज,

डोंगरातल्या गढीवर जाऊन आले. या वयात, खेचरावर बसून. तिथल्या पहारेकऱ्याला तुझा किनखाब दिला, तेव्हा त्याने दार उघडलं. चला, कपड्याचा काहीतरी उपयोग झाला.

हातम वाळलाय. पायाच्या घोट्यांना जखमा आहेत, त्यावर माशा बसतात. ती खिलत अजून त्याच्या अंगावर आहे, दुसरं काही दिलंच नाही त्याला. जरतार काळी पडलीय, बाहीला वास मारतो. मला बघून उठायला गेला तर साखळी अडकली, आणि हसला. तुला माहीत आहे तो कसा हसतो ते. आणि मला पहिलं काय विचारलं असेल?

"आई, फरामर्जचं पोट बरं झालं का?"

मी तोंड फिरवलं. म्हटलं, हो, बरं आहे.

"मग झालं तर. तो बरा झाला की सोडवेल मला. त्याची काळजी घे. तो दुखणं सांगत नाही कधी."

आता ऐक. मी घरी आले आणि थेट तुझ्या मुदपाकखान्यात गेले. तुझ्या आचारणीला, त्या फिरोजेला, समोर बसवलं. तिला म्हटलं, "नवरोजच्या सकाळी खानाने काय खाल्लं?" ती लागली भांडी इकडची तिकडे करायला. "फिरोजा, मी तुझ्या पोरांच्या नाळा कापल्यात. बोल." तेव्हा रडत रडत बोलली. सकाळी तू हिरवा भात आणि मासा खाल्लास. वर आणखी मागून घेतलास. बुडाची खरपूड खरवडायला लावलीस. मग तोंड पुसलंस, अंथरुणात शिरलास आणि म्हणालास, "हातमला बोलवा, माझं पोट फार दुखतंय."

हरामखोरा.

लिहून बघितलं, जरा बरं वाटलं. अजून एकदा लिहिते. हरामखोरा!

त्याला पदवी दिलीस ती मान म्हणून नाही. कुर्बानीच्या बकऱ्याला रंग लावतात तशी दिलीस. शहाचा माणूस कुणाला तरी घेऊन जाणार हे तुला ठाऊक होतं, मिर्झाने तुला आधीच सांगितलं असणार. खिलतबागेत जो झगा घालेल, त्याच्या हातात साखळी पडेल. आणि तू भाताची खरपूड खात बसलास. अरे, कुणाही नोकराला पाठवायचं होतंस! तुझ्या पदरी एवढे खुशमस्करे आहेत, त्यातला एक गेला असता. पण नाही, त्यांनी प्रश्न विचारले असते. हातम विचारणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. त्याचा विश्वास तुला घरचाच होता, फुकटचा.

मी वेडी, वेशीत धुरी घेऊन उभी. दृष्ट कुणाची काढत होते? ज्याची लागली तो अंथरुणात पोट धरून पडला होता.

अजूनही वेळ गेलेली नाही. खरं सांग आणि पोराला सोडव. नाहीतर उद्या मरताना माझं दूध तुला हलाल करणार नाही, त्याचं ऋण माफ करणार नाही मी. हे आईचं बोलणं आहे, रागातलं समजू नकोस.

गौहर

अस्तराबाद, रजबची सातवी

फरामर्ज,

वाजंत्री आली, दवंडी पिटली. तू आता नुसता हाकिम नाहीस, बेगलरबेगी झालास. सगळ्या हाकिमांच्या डोक्यावरचा. नदीकाठच्या किल्ल्याचा गुन्हेगार शोधून काढल्याबद्दल म्हणे! शाबानच्या मध्यावर नवी खिलत घ्यायला येणार आणि त्याच आठवड्यात मिर्झा मुकीमांच्या मुलीशी, माहरुखशी, तुझा निकाह.

दवंडीवाल्याला थांबवून मी नाव पुन्हा विचारलं. माहरुखशी?

मिर्झांची बायको, सकीना बेगम, दुसऱ्याच दिवशी मिठाईचं ताट घेऊन आली. एरवी रस्त्यात दिसली तर बुरखा सावरून पुढे जाणारी बाई. बसली, पंख्याने वारा घेतला आणि म्हणाली, "गौहरजान, जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं झालंय?"

"कुठल्या गोष्टी, बेगम?"

"तुला ठाऊक आहे."

"तुमच्या तोंडून ऐकू दे की एकदा."

ती पंखाच हलवत राहिली. मग मीच बोलले. "बेगम, तुम्ही बाळंत झालात आणि तापाने फणफणलात. मिर्झा तेव्हा साधे कारकून, दूर गावी वसुलीवर. तुमच्या सासूने तान्ही माहरुख चादरीत लपेटून माझ्या दारात आणली. माझी धाकटी तेव्हा अंगावर पीत होती, अल्लाने तिला नंतर नेली. एका बाजूला ती, एका बाजूला तुमची. तुम्ही उठून बसेपर्यंत माहरुख माझ्याच दुधावर जगली. आणि नवऱ्याला तुम्ही कळू दिलं नाहीत, रोगट म्हणून दुसरी करेल या भीतीने. मीही कधी चकार शब्द काढला नाही."

"म्हणूनच म्हणते, आताही काढू नकोस," सकीना म्हणाली. "काझी तुझ्याकडे येईल. खानाला तू पाजलंस हे सगळ्या शहराला माहीत आहे, म्हणून रीतीप्रमाणे विचारेल, आमच्या मुलीशी काही दुधाचं नातं नाही ना? तू नाही म्हण. एवढं कबूल केलंस तर काझी यायच्या आधी हातम तुझ्या अंगणात उभा असेल. मिर्झांकडून मी करून घेते."

एका छातीचं दूध प्यालेली ती सख्खी भावंडं. त्यांचा निकाह हराम. हे खेड्यातल्या गुराख्यालाही कळतं, आणि ही जन्मदाती माझ्यासमोर पिस्त्याची मिठाई सरकवत होती.

मला वाटलं, फरामर्जला हे माहीत नसेल. शपथेवर सांगते, वाटलं. इतकं होऊनही माझं आतडं मूर्खच. म्हणून तुला सावध करायला कागद काढला, आणि तेवढ्यात तुझंच पत्र आलं. "आई, माहरुखला तू फक्त सांभाळलंस, पाजलं नाहीस, एवढं म्हण. तुझ्या हातमसाठी म्हण."

तुझ्या हातमसाठी! म्हणजे तो आता माझा एकटीचा. तुझा कुणी नाही.

अरे, तूच त्या पोरीला खांद्यावर घेऊन हमामच्या गल्लीत नाचायचास. "मला बहीण मिळाली, मला बहीण मिळाली." मी ओरडायचे, हळू बोल मेल्या, कुणी ऐकेल. तुला सगळं आठवतंय. आठवत नसतं तर "पाजलं नाहीस" हे लिहायला सुचलंच नसतं.

एकीकडे माझा पोर साखळीत सडतोय. दुसरीकडे ती पोर, जिने कुणाचं काही वाकडं केलं नाही. तू आणि सकीना, तुम्ही दोघांनी मिळून मला छान कोंडलंय. पण हातम माझ्या अंगणात पाय ठेवेपर्यंत काझीसमोर तोंड उघडणार नाही, असं सकीनेला सांगितलंय. पुढचं पुढे बघू.

गौहर

अस्तराबाद, शाबानची बारावी

अस्तराबादचे बेगलरबेगी, शहांचे विश्वासू, सरहद्दीचे रक्षक, माननीय फरामर्ज खान साहेब यांच्या सेवेसी,

सलाम. कारकुनाला विचारून आपल्या पदव्या क्रमाने लिहिल्या आहेत. एखादी राहिली असल्यास क्षमा असावी.

आपल्या होणाऱ्या सासऱ्यांनी शब्द पाळला. हातम घरी आला. अंगावरची खिलत मी अंगणात काढून जाळली. जरीचा गोळा उरला, तो विहिरीत टाकला. त्याच दुपारी काझीसाहेब आले. मी पडद्याआड बसले, कुराणावर हात ठेवला. सकीना बेगम माझ्या शेजारी होत्या.

काझीसाहेबांनी विचारलं, "गौहर दाई, मिर्झा मुकीमांच्या कन्येला आपण दूध पाजलं होतं?"

"हो, पाजलं," मी म्हटलं. सकीना बेगमांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की अजून काळंनिळं आहे.

"म्हणजे खानसाहेब तिचे दूधभाऊ झाले. हा निकाह होऊ शकत नाही."

"कसे होतील? फरामर्ज खानांना मी कधीच पाजलं नाही."

काझीसाहेबांचा हात दाढीवरच राहिला. "अख्खं अस्तराबाद म्हणतं की आपण त्यांच्या दूधआई!"

"अस्तराबाद तर असंही म्हणतं, की हातम पानगळीपासून किल्लेदार होता. मी पगारी बाई होते, काझीसाहेब. पाळणा हलवला, लंगोट धुतले. पाजायला दुसरी कुणीतरी यायची. तिचं नाव मला आठवत नाही."

त्यांनी मान खाली घातली आणि निकाहला हरकत नाही असं सांगून गेले. बेगमांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांना काय, दोनांपैकी एक नातं नाकारलं की काम झालं.

खोटी शपथ घेतली. तिचा जाब मी वर देईन, आपल्याला बोलावणार नाही. पण दोघांतल्या कुणाबद्दल खोटं बोलायचं हे मी ठरवायचं होतं ना? माहरुखला मी पाजलं ते मला नाकारवेना. ती माझी पोर आहे. आपल्याला नाकारताना जीभ अडखळली नाही.

हातमला हे कळलं तेव्हा तो माझ्यावरच उखडला. "आई, हे काय बोललीस तू? त्याला किती लागेल! मी वाटेवर जातो, त्याला भेटतो, समजावतो." लंगडत लंगडत घोड्यावर खोगीर चढवायला लागला. तेव्हा मला सांगावं लागलं. किल्लेदारी, खिलत, मासा, भात, सगळं. गढीत त्याला सांगितलं नव्हतं, तो त्या आशेवर जगत होता. तो घोड्याच्या मानेवर हात ठेवून ऐकत राहिला. मला वाटलं ओरडेल, शिव्या देईल. त्याने एवढंच विचारलं.

"म्हणजे पोट दुखतच नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही रे बाळा."

ज्या घोड्याने त्याला टाकून घर गाठलं होतं, त्याच्यावरच बसून गेला. कुठे गेला ते लिहीत नाही. शोधायला माणसं पाठवू नका, तुर्कमानांना घाबरून ती परत येतील. आपल्या किल्ल्यात स्वार असतात की नसतात हे हातमला चांगलं ठाऊक आहे.

काल माहरुख आली होती. मेंदीचे हात घेऊन, एकटी, हमामचं निमित्त सांगून. तिने कुठूनतरी काझीसमोरचं ऐकलं होतं. माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "तुम्ही मला पाजलंत, हे खरं?" मी हो म्हटलं. "आणि त्यांना?" मी तिच्याकडे बघत राहिले. पोर हुशार आहे. माझ्या मांडीत डोकं खुपसून रडली, मग तोंड धुऊन गेली. निकाहच्या वेळी नवरीला तीनदा विचारतात, आणि ती तिसऱ्यांदा हो म्हणते. दोनदा गप्प राहायची रीतच आहे, तेव्हा दोनदा कुणी काही मनावर घेणार नाही. तिसऱ्यांदा ती काय म्हणेल, मला सांगून गेलेली नाही. आपण तिथेच असाल, आपल्या कानांनी ऐका.

परवा आपण खिलतबागेत उतराल. हत्यार काढून, एकट्याने, नवा झगा घालाल. या वेळी पोट दुखणार नाही, अशी आशा आहे. मी वेशीत धुरी घेऊन उभी राहणार नाही.

आपला स्वभाव मला माहीत आहे. राग आला की आपण माझ्या घरी याल. लहानपणापासून येता तसे, दार न वाजवता, थेट चुलीपर्यंत, आणि पातेल्यावरचं झाकण उचलाल. आता तसं येता येणार नाही. काझीच्या दप्तरी नोंद झाली आहे, आपलं माझं नातं नाही. दाराबाहेर थांबून खाकरावं लागेल. मी आत जाऊन बुरखा घेईन आणि मग दार उघडेन. परपुरुषासमोर बायका घेतात तसा, डोळ्यांपर्यंत.

गौहर,
अस्तराबादची एक म्हातारी